शिवणीतली माया

सगळ्यात आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे मुलगी म्हणून वाढवला गेलेला पुरुष. टेस्टोस्टेरॉन ह्या पुरुषी संप्रेरकाचं पहिलं इंजेक्शन घेऊन जेमतेम दहा दिवस झाले होते आणि एका रात्री मी माझं अख्खं कपाट रिकामं केलं. कमरेत चापून बसणारे टॉप, लेगिंग्ज, मोठ्या गळ्याचे टीशर्ट, खास प्रसंगांना घालायचे म्हणून वर्षानुवर्षं जपलेले ड्रेस, सगळं दोन मोठ्या पिशव्यांत कोंबलं आणि सकाळी उठल्या उठल्या देऊनही टाकलं. इतकी वर्षं अंगावर वागवलेलं ओझं एका झटक्यात उतरलं असं वाटलं. त्याच दुपारी मी सहा शर्ट आणि तीन पँटी घेऊन आलो. मापं आजच्या अंगाची नव्हतीच. सहा महिन्यांनी आपले खांदे भरतील, कंबर सरळ होईल, असा मनाशी हिशेब करून मी ते कपडे निवडले होते.

घरी येऊन पहिला शर्ट चढवला. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बाही बोटांच्या पेरांपर्यंत येत होती. आणि शर्ट एवढा ढगळ असूनही खालची दोन बटणं नितंबांवर अशी ताणली गेली होती की दोन काजांच्या मध्ये फट पडत होती. ज्या गोष्टीवर पांघरूण घालायला मी ते कपडे घेतले होते, नेमकी तीच गोष्ट त्यांनी उघडी पाडली. शर्ट काढला आणि दिवा बंद करून बराच वेळ तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं आणि कपाटात धड असं काहीच उरलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी धाकट्या बहिणीची एक काळी पँट आणि तिचेच दोन सैल शर्ट आलटून पालटून घातले. हे मला फार लागलं. पण त्या तीन आठवड्यांतच तिने मला जे शिकवलं, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

ती शिवणकाम शिकलेली. तेव्हा मला काय म्हणावं ह्या पेचात ती होती. 'ताई' म्हणणं तिने बंद केलं होतं, दुसरं काही सुरू झालं नव्हतं. 'ए' म्हणून वेळ निभावायची. मी आणलेल्या शर्टांपैकी एक तिने उलटा केला, बाजूची शिवण दोन बोटांत धरून नखाने उकलून पाहिली आणि म्हणाली, "ए, ह्यात मायाच सोडलेली नाही रे. आत घेता येईल, बाहेर काढता येणार नाही."

तो 'रे' मला ऐकू आला होता. मी काही बोललो नाही.

शिवणारी माणसं माया हा शब्द दिवसभर वापरतात. कापड कापताना मापाच्या रेषेबाहेर जे जास्तीचं राखायचं, शिवणीच्या आत दुमडलेलं, बाहेरून कुणालाही न दिसणारं, ती माया. मूल वाढतं, माणूस सुटतं, बारीक होतं. मग शिवण उसवायची, मायेतून थोडं घ्यायचं, पुन्हा टीप मारायची. कपडा तोच राहतो आणि अंगाला पुन्हा बसतो. मी मात्र कपडेही बिनमायेचे आणले होते आणि बेतही तसाच आखला होता. एक तारीख धरली होती, आणि त्या तारखेला माझं शरीर तयार हवं असा माझा हट्ट होता.

शरीराचं वेळापत्रक वेगळं असतं, हे मला डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. ट्रान्सजेंडर आरोग्याच्या क्षेत्रातली जागतिक संघटना, डब्ल्यूपॅथ, हिच्या मार्गदर्शक तत्त्वांची आठवी आवृत्ती 2022 मध्ये आली. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांच्या शरीरात काय कधी बदलतं, ह्याचा अंदाज तिच्यात दिलेला आहे. चरबीची जागा बदलायला 1 ते 6 महिन्यांत सुरुवात होते, पण तो बदल पुरता व्हायला 2 ते 5 वर्षं लागू शकतात. स्नायू भरायला लागतात तेच मुळी 6 ते 12 महिन्यांनी. आवाज त्या मानाने लवकर उतरतो. आणि मोठ्या वयात सुरुवात केलेल्या माझ्यासारख्याच्या हाडांचा सांगाडा बदलत नाही. खांद्याच्या हाडांची रुंदी आणि कमरेखालच्या हाडांचा घेर आहे तोच राहणार. म्हणजे माझ्या मापांपैकी काही हळूहळू सरकणार होती आणि काही कधीच हलणार नव्हती. मी सहा महिन्यांनंतरच्या ज्या माणसासाठी शर्ट घेऊन आलो होतो, तो त्या तारखेला येणारच नव्हता.

मग मी ठरवलं, महिन्याला एकच वस्तू घ्यायची. आजच्या अंगाला आज बसेल अशी. ती चार-सहा वेळा धुऊन, घालून, कामावर नेऊन आणून पटली की मगच पुढची.

सुरुवात केली ती कुणाला दिसणारच नाही अशा कपड्यापासून, अंडरवेअरपासून. हे ऐकून काही जणांना नवल वाटतं, पण कुणी मला विचारलं तर मी आजही इथूनच सुरुवात करायला सांगतो. त्याला घरातल्या कुणाची परवानगी लागत नाही, ऑफिसात कुणाला काही समजवावं लागत नाही, आणि फरक मात्र पहिल्या दिवसापासून पडतो. मांडीपर्यंत येणाऱ्या, अंगाबरोबर राहणाऱ्या बॉक्सर ब्रीफ मला मानवल्या. नुसत्या सैल बॉक्सर पँटीच्या आत गोळा व्हायच्या. पहिल्या दिवशी एका लांबलचक मीटिंगमध्ये बसलो होतो. वरून बहिणीचा शर्ट, बहिणीची पँट. पण कमरेला तो रुंद पट्टा जाणवत होता आणि मी सरळ पाठीने बसलो होतो. एक गोष्ट मात्र कुणीतरी आधी सांगायला हवी होती. पाळी थांबायला काही महिने जातात आणि सैल बॉक्सरमध्ये पॅड जागेवर राहत नाही. तेवढ्या दिवसांसाठी जुन्या निकर राखून ठेवाव्यात. मी त्या सगळ्या देऊन बसलो होतो.

त्यानंतर छाती. इथेही मी आधी चुकलो. मुरगळलेल्या पायाला बांधायची इलॅस्टिकची पट्टी घरात होती, छाती सपाट दिसावी म्हणून ती गुंडाळली आणि दोन दिवस तसाच वावरलो. तिसऱ्या दिवशी जिना चढताना डाव्या बरगडीखाली कळ आली आणि पूर्ण श्वास घेता येईना. असली पट्टी शरीराच्या हालचालीबरोबर आवळत जाते, बरगड्यांना फुलायला जागा देत नाही. ती छातीला कधीच बांधू नये, हे मी पोटतिडकीने सांगतो. छातीचं नीट माप घेऊन शिवलेला बाइंडर, म्हणजे छाती सपाट दाबून धरणारा घट्ट आतला कपडा, घ्यावा. साधारणपणे सलग 8 तासांपेक्षा जास्त घालू नये, त्यात झोपू नये, व्यायाम करू नये असं सांगतात. आणि त्यातही काळजी घ्यावीच लागते. 2017 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात बाइंडिंग करणाऱ्या 1,800 जणांना प्रश्न विचारले होते. पाठदुखी, धाप, त्वचेची आग अशा 28 त्रासांपैकी निदान एक तरी झाल्याचं त्यांतल्या 97.2 टक्के लोकांनी सांगितलं. आठवड्यातून जितके जास्त दिवस बांधावं तितका त्रास जास्त, हेही त्यातून दिसलं. ते वाचून मी आठवड्यातले दोन दिवस सुट्टीचे ठरवले.

त्या दोन दिवसांनी माझं कपाट सगळ्यात जास्त घडवलं. बाइंडर नसताना घराबाहेर पडता येईल असे कपडे शोधायचे, हा प्रश्न घेऊन मी कापडाला हात लावायला शिकलो. अंगाला चिकटणारं, ताणलं जाणारं विणीचं कापड सगळं सांगून टाकतं. जाड, थोडं ताठ सुती कापड स्वतःचा आकार धरून राहतं. बारीक चौकडी किंवा बारीक छापाच्या शर्टात नजर एका जागी ठरत नाही. छातीवर दोन्ही बाजूंना खिसे असले तर आणखी बरं. आणि साध्या टीशर्टवर बटणं उघडी टाकलेला दुसरा जाडसर शर्ट, ह्यासारखी सोय नाही. त्याच्या दोन्ही कडा समोरून सरळ खाली उतरतात आणि मधल्या सगळ्या वळणांवरून नजर घसरून जाते. असा गडद हिरवा एक शर्ट मी इतका वापरला की त्याची कॉलर विरली.

पँटीचा प्रसंग मात्र मी कधी विसरणार नाही. मी आणलेल्या तीन पँटी कमरेच्या मापाने घेतल्या होत्या आणि त्या नितंबांवरून वर सरकतच नव्हत्या. बहीण म्हणाली, सीटच्या मापाने घे, कंबर मी बघते. त्याप्रमाणे एक साधी राखाडी फॉर्मल पँट आणली. मागे कमरेपाशी आख्खी मूठ जाईल एवढी सैल. तिने ती उलटी करून माझ्यासमोर धरली. पुरुषांच्या फॉर्मल पँटीचा कमरपट्टा मागे मधोमध जोडलेला असतो. तो दोन तुकड्यांचा असतो आणि तिथे आतल्या बाजूला चांगली बोटभर माया सोडलेली असते. पुरुषाची कंबर वाढणार, कमी होणार, हे शिवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं असतं. माझ्या जुन्या पँटींचे कमरपट्टे बहुतेक एकसंध होते. त्या बसल्या तर बसल्या, नाहीतर तुम्हीच बारीक व्हायचं.

तिने मधली शिवण उसवली, दीड इंच आत घेतलं आणि कापायला मी कात्री पुढे केली तर माझा हात बाजूला सारला. "कापायचं कशाला? राहू दे आत. उद्या लागेल." ती पँट मी आजही घालतो. तेव्हापासून ती दोनदा उसवून पुन्हा शिवली आहे.

शर्टांना वेळ लागला. खांदा बसला तर खाली ताणतो, खाली बसला तर खांदा उतरतो, ही अडचण माझ्यासारख्या बांध्याच्या प्रत्येकाला येते. खांदा दुरुस्त करणं सगळ्यात अवघड, कारण त्यासाठी आख्खी बाही मुंढ्यापासून काढावी लागते. म्हणून खांदा बसेल तोच शर्ट घ्यायचा आणि बाकीचं जुळवायचं, असं आम्ही ठरवलं. खालची कड सरळ असलेले, पँटीच्या बाहेर सोडायचे शर्ट घेतले. बाजूच्या शिवणी कमरेखाली चार बोटं उसवून तिने तिथे कट ठेवले, की नितंबांपाशी कापड ताणलं न जाता उघडतं. बाह्या कफ काढून आखूड केल्या. मोठ्या मुलांच्या विभागातले शर्टही काही वेळा खांद्यात चपखल बसतात, पण उंचीला अपुरे पडतात, हात वर केला की पोट उघडं पडतं.

एक जुना निळा शर्ट त्या रात्रीच्या पिशव्यांतून वाचला होता, कारण तो धुवायला पडला होता. कापड सुरेख, मऊ झालेलं. पण समोर छातीखाली आणि मागे पाठीवर टक्स घातलेले, कंबर आत घेणारे. बहिणीने ते चारही उसवले. मी शेजारी बसून सुईने एकेक दोरा ओढून काढत होतो. टक्स उघडले तसं आत दुमडलेलं कापड बाहेर आलं आणि ते गर्द निळं होतं. बाकीचा शर्ट धुऊन धुऊन, उन्हात वाळून फिकट झाला होता, आणि ह्या चार निमुळत्या पट्ट्यांना कधी ऊनच लागलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही कडांना सुईची बारीक भोकं ओळीने दिसत होती. मी त्या पट्ट्यांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिलो. दोन-तीन धुण्यांत भोकं बुजली. रंगातला फरक अजून दिसतो, निदान मला दिसतो.

बटणांचंही सांगायला हवं. पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात, बायकांच्या शर्टाची डाव्या. लहानपणापासून बोटांना एक दिशा पाठ झालेली. पहिले काही आठवडे रोज सकाळी माझी बोटं चुकीच्या कडेला जायची आणि क्षणभर तिथे काहीच सापडायचं नाही. मग एका सकाळी घाईत होतो, मनात दुसराच विचार चालू होता, आणि खाली पाहिलं तर सगळी बटणं लागलेली होती. त्या दिवशी मी आनंदात होतो, आणि का ते कुणाला सांगता येत नव्हतं.

कामावर दोन महिने कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एकदा एका सहकारी बाईंनी विचारलं, "काहीतरी वेगळं दिसतंय. बारीक झालीस का?" मी नुसतं हसलो. त्या काळात माझं बोलणंही माझ्या कपड्यांसारखंच झालं होतं. मराठीत 'मी गेले' म्हटलं की एक, 'मी गेलो' म्हटलं की दुसरं. लपायला जागा नाही. पण बहुतेक सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ बोलणाऱ्याचं लिंग सांगत नाही. 'मी काम केलं', 'मी फाइल पाठवली', 'मी निरोप दिला' हे कुणीही म्हणू शकतं. भविष्यकाळही तसाच. 'मी येईन', 'मी बघेन'. मी महिनोन्महिने ह्या आडोशाने बोललो. 'मी जेवले' म्हणायच्या ऐवजी 'जेवण झालं', 'मी थकले' ऐवजी 'अंग दुखतंय'. घरी बहिणीशी 'गेलो', 'आलो', 'बसलो' म्हणून जीभ वळवून घ्यायचो आणि दार ओलांडलं की पुन्हा सकर्मक. राखाडी पँट, हिरवा शर्ट आणि 'मी काम केलं', ह्या तिन्हींनी मला सारख्याच मायेने सांभाळलं.

हे हळूहळू जाणं भित्रेपणाचं आहे का, हा प्रश्न मला रात्री छळायचा. एका दिवसात सगळं बदलून मोकळे झालेले आणि त्यातच फुललेले लोक मी पाहिले आहेत. त्यांची घाई त्यांना मानवली. ज्यांच्या घरात एका शर्टावरूनही जिवावर बेतू शकतं, त्यांनी तर आतल्या कपड्यांवर कितीही वर्षं थांबावं, त्यात कमीपणा काही नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर प्रत्येक कपडा घालून पाहताना मला स्वतःबद्दल एक खरी गोष्ट कळत गेली. मला चकचकीत काळे बूट आवडत नाहीत. मला टाय नको आहे. मला फुलांचे बारीक छाप अजूनही आवडतात आणि ते पुरुषाच्या शर्टावर शोभतात. त्या पहिल्या दुपारी मी जे सहा शर्ट उचलले होते, ते पुरुषाने काय घालावं ह्याच्या माझ्या धास्तीने निवडले होते. आवडीचा त्यात संबंधच नव्हता. त्यांतले चार मी नंतर एका उंचापुऱ्या मित्राला दिले. दोन बहिणीने कापून बसवले.

पाचव्या महिन्यात मी ऑफिसात सांगितलं. आवाज फाटायला लागला होता, आता सांगणं भागच होतं. वरिष्ठांसमोर बसून पहिल्यांदा कामाच्या ठिकाणी मी 'मी ठरवून आलो आहे' असं म्हणालो आणि त्या 'आलो'वर माझा आवाज खरोखरच फुटला. बऱ्याच जणांनी नंतर सांगितलं की त्यांना फार धक्का बसला नाही. ते माझ्याबरोबर पाच महिने चालत आले होते. काहींना जड गेलं, अजूनही जातं. एक जण आजही माझ्याशी बोलताना क्रियापदच गिळून टाकतो. त्याच्यावर मला राग धरवत नाही, कारण ती युक्ती मला चांगली ठाऊक आहे.

आईचं वेगळं. तिने माझ्या कपड्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. पण वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ती घालते. आधी माझे नवे शर्ट ती न घडी करता खुर्चीवर ठेवून द्यायची. साधारण सातव्या महिन्यात एकदा ते घडी करून कपाटात लावलेले दिसले, बाह्या मागे दुमडून, कॉलर वर, बाबांचे शर्ट ती लावते तसे. मी कपाटाचं दार हळूच लावून घेतलं.

बहिणीची मापांची एक वही आहे. ज्यांचं ज्यांचं शिवते त्यांची नावं पानाच्या डोक्यावर आणि खाली मापं. माझं जुनं पान 'ताई' म्हणून होतं. छाती, कंबर, सीट, मुंढा, खांदा, सगळं बारीक अक्षरात. नव्या जॅकेटसाठी मापं घ्यायची म्हणून तिने टेप गळ्यात टाकून वही उघडली, तेव्हा मी मुद्दाम नजर दुसरीकडे ठेवली. माप घेऊन झालं, ती दोरा आणायला आत गेली आणि मी वही वळवून पाहिली. कोरं पान घेतलं होतं. वर 'दादा' लिहिलं होतं, नेहमीच्याच अक्षरात, खाली रेघ वगैरे काही न ओढता. त्याखाली तारीख आणि आकडे. खांद्याच्या आकड्यापुढे कंसात 'माया 1 इंच'.

एवढी कशाला, असं मी तिला विचारलं. टेस्टोस्टेरॉनने खांद्याचं हाड रुंद होणार नाही, हे आता तिलाही पाठ आहे. ती म्हणाली, हाड नाही, पण स्नायू भरेल ना, आणि जॅकेट आपण एकदाच शिवणार.

जॅकेट गडद करड्या रंगाचं आहे. पहिल्यांदा घातलं तेव्हा खांद्यावर किंचित सैल होतं, आता तितकंसं नाही. आतल्या अस्तराची खालची कड तिने मशीनवर न मारता हाताने टाचली आहे, म्हणजे उसवायला सोपं जावं. पुढच्या महिन्यात पुन्हा मापं घ्यायची आहेत.